वेळ कोणाच्या नावे?

जुन्या पद्धतीच्या हिशेबात मुख्य वह्या दोन, कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे: सकाळी आलेली वसुली, दुपारी हमालाला दिलेले पैसे, संध्याकाळी गणपतीची वर्गणी. मग सवडीने त्यातली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायची. कीर्दीत दिवस दिसतो, खतावणीत माणसे दिसतात. आता हे काम संगणक करतो आणि ही दोन कामे वेगळी आहेत याची जाणीवही दुकानात बसणाऱ्या नव्या मुलांना नसते. पण ज्याने कधी हाताने खतावले आहे त्याला ठाऊक असते की कीर्द लिहायला प्रामाणिकपणा पुरतो. खतावताना निर्णय घ्यावा लागतो. हा खर्च घरचा की दुकानाचा?

ज्याला पोटापाण्याचा धंदा आहे, शिवाय चार नाद आहेत, आणि त्या सगळ्याविषयी रोज थोडे लिहिण्याची सवय आहे, त्याचे लिखाण या कीर्दीसारखे असते. काल ऐकलेल्या गाण्याविषयी चार ओळी, आज तांब्याच्या भावाविषयी, परवा कुठल्याशा पुस्तकाविषयी, मध्येच गच्चीवरच्या कढीलिंबाविषयी. मीही अशा लिहिणाऱ्यांतला. इंदूरला शेतीपंपांच्या सुट्या भागांचे माझे दुकान आहे, आणि दुकानाइतकाच माझ्या वह्यांचा पसारा आहे. पण माझ्या वह्यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. विचार करण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: अशा लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे का? ते वाङ्मय ठरते की नाही, हा वाद समीक्षकांनी घालावा. मला हक्काविषयी बोलायचे आहे.

अशा माणसावर दोन आरोप होतात. पहिला विखुरलेपणाचा. मराठीत त्यासाठी तयार म्हणच आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. दुसरा आरोप सहसा कोणी उघड करत नाही, कारण तो करणारी माणसे बहुधा आपल्यावर अवलंबून असतात. तो चोरीचा आहे. हा माणूस लिहिण्यासाठी जो वेळ काढतो, तो वेळ मुळात कोणाचा?

पहिल्या आरोपाचे मला फारसे काही वाटत नाही. एका विषयाला आयुष्य वाहणारी माणसे थोर असतात, त्यांच्यामुळे जग पुढे जाते, हे मान्य. परंतु विखुरलेपण हा दोष मानायचा तर आधी हे मानावे लागते की माणसाचे आयुष्य एका खात्यावर खतवण्यासाठीच असते. लग्न जुळवताना, कर्ज मागताना, कार्यक्रमात ओळख करून देताना जगाला आपल्याकडून खतावणी हवी असते: ‘आपण नक्की कोण?’ सोयीसाठी तिथे एक उत्तर द्यावे आणि पुढे जावे. रात्री वहीपुढे बसल्यावर तेच उत्तर स्वतःला देण्याची गरज नाही.

दुसऱ्या आरोपासाठी मात्र मला बनारसीदासाकडे जावे लागते.

बनारसीदास 1586 साली जौनपूरला एका श्रीमाळी जैन घरात जन्मला. बाप खरगसेन जवाहिऱ्या. मुलगा वयात येतो न येतो तोच विद्येच्या आणि प्रेमाच्या नादी लागला. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला समजावले की फार शिकणे ब्राह्मणांना आणि भाटांना शोभते, वाण्याच्या पोराने दुकान सांभाळावे. त्याने ऐकले नाही. शृंगाराची हजारभर कडवी लिहिली आणि पुढे पश्चात्ताप होऊन, मित्रांच्या देखत, ती पोथी गोमतीत फेकून दिली. मग व्यापार, मग तोटा, मग पुन्हा व्यापार. अध्यात्माकडे वळल्यावर 1636 मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसारा’वर आधारलेले ‘समयसार नाटक’ रचले. जैन घरांत ते आजही वाचले जाते. आणि 1641 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्र्यात बसून ‘अर्धकथानक’ लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर आपले निम्मे झाले, म्हणून अर्धी कथा. उरलेली अर्धी फार नव्हती. त्यानंतर थोड्याच काळात तो गेला. 675 पद्यांचे हे पुस्तक हिंदीतले पहिले आत्मचरित्र मानतात. आम्ही मराठी वाचक त्याच्याकडे फारसे फिरकत नाही. आमच्याकडे आत्मचरित्रांची ददात नाही, हे त्याचे एक कारण असावे.

या पुस्तकाचा सूर कीर्दीचा आहे. कुठल्या गावाला माल घेऊन गेलो, वाटेत पाऊस कसा लागला, भागीदारीत किती मिळाले, कोणता मुलगा जन्मला, कोणता गेला, हे सारे एका पातळीवर येते. बापाने 1610 साली त्याला रत्ने, तूप, तेल, कापड आणि रोख रुपये देऊन आग्र्याला पाठवले. तिथे सगळे उधळले गेले. काही रत्ने इजारीच्या नाड्याशी बांधली होती ती गळून पडली, काही उंदरांनी पळवली. दुकानात जाण्याचे कारणच उरले नाही. तेव्हा तो घरी बसून रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचू लागला, आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमू लागली.

त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घ्यायचा आणि त्यावर दिवस काढायचा. काही काळाने त्याने एकांतात सांगून टाकले, माझ्याकडे द्यायला काही नाही, पुढे मला उधार देऊ नका. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. त्या काळी वीस रुपये ही गंमत नव्हती. पुढे हातात पैसे आल्यावर बनारसीदासाने ते देणे चुकते केले.

या प्रसंगाचे कौतुक करणारे बहुतेकजण कचोरीवाल्याच्या रसिकतेचे कौतुक करतात. रसिकता होतीच. पण मला त्यात हिशेब दिसतो. बनारसीदासाला त्या वाचनातून जो आनंद मिळत होता, बुडालेल्या धंद्याच्या दुःखावर जी फुंकर मिळत होती, तिचा खर्च कोणाच्या नावे पडत होता? कढईपुढे बसणाऱ्या एका माणसाच्या. आणि बनारसीदासाने तीस वर्षांनी, स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगताना, तो खर्च बरोबर त्याच्या नावे मांडला. त्याच्या जागी दुसरा कवी असता तर एवढेच लिहिता, की दारिद्र्यातही माझ्या काव्यवाचनाला रोज मैफल भरत असे. तेही खोटे ठरले नसते.

आता याच्या उलट बाजूचा एक प्रसंग, त्याच पुस्तकातला. पुढे बनारसीदासाला सबलसिंह नावाच्या एका बड्या सावकाराशी भागीदारीचा हिशेब मिटवायचा होता. तो रोज त्याच्या दारी जाई. सावकाराच्या घरी गाणेबजावणे चाललेले असे, भाट स्तुती गात असत, दरबार भरावा तशी मंडळी बसलेली असत. हिशेबाची गोष्ट काढायला कोणाला सवड नव्हती. दिवसामागून दिवस हेलपाटे झाले. शेवटी एका मध्यस्थाने मनावर घेतले तेव्हा ते प्रकरण मिटले.

सबलसिंहाला वाईट माणूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आज तो असता तर आपण त्याला कलासक्त उद्योजक म्हटले असते. कलावंतांना आश्रय देणारा, धंद्यात राहूनही मन मेलेले नसलेला असा त्याचा गौरव झाला असता. त्याच्या घरच्या पखवाजाचा आवाज चांगलाच असणार. पण तो आवाज ऐकू येत होता तितका वेळ बनारसीदास ओट्यावर उभा होता. धंदा करणाऱ्या माणसाच्या नादांची ही खास अडचण आहे. नोकरदाराने नाद केला तर तो बहुतेक स्वतःच्या रजेतून करतो. दुकानदाराच्या हाती इतरांचा वेळ असतो: पगाराची वाट पाहणारा, बिलाची वाट पाहणारा, दुकान बंद व्हायची वाट पाहणारा. मालक आत बसून काही लिहितो आहे म्हटल्यावर बाहेरचा माणूस हाक मारत नाही, थांबतो. आणि आत बसलेल्याला वाटते, किती शांत वेळ मिळाला आज.

म्हणून मी दुकानात लिहीत नाही. यात साधुत्व नाही, एक साधा नियम आहे. शटर ओढून किल्ल्या घेऊन जाणारा आमचा माणूस राऊला राहतो, त्याची बस ठरलेली असते. मी गल्ल्यावर अर्धा तास लिहिले तर तो अर्धा तास त्याचा. घरी लिहितो, तिथेही तो वेळ कोणाचा तरी असतोच, पण घरची माणसे निदान हाक मारतात.

बनारसीदास आग्र्यात अर्धी कथा लिहीत होता त्या वर्षी देहूत तुकाराम हयात होते. दोघेही व्यापारी घरातले, दोघांनी माणसे गमावली, दोघांचा धंदा बुडाला, दोघे लिहीत होते. एकमेकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही कथा मराठी मुलाला शाळेच्या आधी कळते. त्या कथेतला एक तपशील मात्र आपण सांगताना गाळतो. परंपरा अशी सांगते की धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही विरक्त झालात, माझ्या प्रपंचाचे काय? तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाकडे राहिला आणि तुकारामांनी फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

सगळी खते बुडवणे अधिक नाट्यमय झाले असते, आणि कीर्तनात ते अधिक रंगले असते. पण भावाच्या वाट्याची विरक्ती आपण करू शकत नाही. ज्याला धंदा सोडून केवळ लिहायचे आहे, किंवा धंदा ठेवून त्यातला वेळ लिहिण्याला द्यायचा आहे, त्याने या वाटणीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे ‘आता मी स्वतःसाठी जगणार’ म्हणून धंद्यातून बाहेर पडले. त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळ्यांनी केले. भावाच्या वाट्याची चौकशी एकानेही केली नाही.

वेळेइतकाच अवघड प्रश्न मजकुराचा आहे. धंद्यात माणसाला जे कळते ते त्याने मिळवलेले नसते, त्याच्याकडे ठेवलेले असते. उधारी मागायला आलेला शेतकरी उधारीचे कारण सांगतो. मुलीचे लग्न मोडले, भावाने विहीर वाटून मागितली, बायकोला इंदूरच्या दवाखान्यात हलवले. हे कारण तो आपल्याला गोष्ट म्हणून सांगत नाही, तारण म्हणून सांगतो. लेखक म्हणून जे सर्वांत जिवंत साहित्य समोर येते ते नेमके हे. जुन्या सुभाषितात आयुष्य, वित्त, घरातली उणीदुणी, औषध, अपमान अशा नऊ गोष्टी गुप्त ठेवाव्यात असे सांगितले आहे. माणसाने स्वतःच्या बाबतीत तो नियम मोडावा, बनारसीदासाने जवळपास सगळाच मोडला. दुसऱ्याच्या बाबतीत मोडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. नाव बदलले, गाव बदलले तरी तारण ते तारणच. आमच्या भागात तर विहीर आणि भाऊ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. मी या गोष्टी वहीतदेखील लिहीत नाही. त्यामुळे माझ्या वह्यांत कढीलिंब फार आणि माणसे कमी आहेत, आणि वाङ्मय म्हणून त्या त्यामुळे पातळ झाल्या आहेत. ती किंमत मला रास्त वाटते. लेखक मित्रांना वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की न लिहिलेले दुःख कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्यात तथ्य आहे, एवढे मी मानतो.

व्यापाऱ्याची दैनंदिनी म्हटले की आपल्याकडे आणखी एक नाव येते, पुदुच्चेरीच्या आनंद रंग पिळ्ळै यांचे. सुपारीचा आणि कापडाचा व्यापार, कवींना आश्रय, आणि 1747 पासून फ्रेंच गव्हर्नर ड्यूप्लेच्या हाताखाली मुख्य दुभाषाचे पद. 1736 च्या सप्टेंबरात त्यांनी तमिळमध्ये रोजचे टिपण लिहायला सुरुवात केली आणि 1761 च्या जानेवारीत, पुदुच्चेरी इंग्रजांच्या हाती पडण्याच्या चारच दिवस आधी मृत्यू येईपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे ते चालवले. इंग्रजी भाषांतराचे बारा खंड आहेत. जहाजे, भाव, नजराणे, ज्योतिष, दरबारातली कुजबुज, सगळे त्यात आहे.

1748 च्या सप्टेंबरात, इंग्रजांनी शहराला वेढा दिलेला असताना, फ्रेंचांनी तिथले वेदपुरीश्वराचे देऊळ पाडले. पिळ्ळै तेव्हा त्याच सरकारचे मुख्य दुभाषी होते. त्यांनी ते थांबवले नाही. थांबवू शकले असते का, यावर इतिहासकारांनी बोलावे. त्यांनी काय केले, तर ते सगळे दैनंदिनीत लिहिले, मनस्तापासह लिहिले. आणि पदावर राहिले.

त्यांना न्यायासनापुढे उभे करण्याची मला हौस नाही. पण रोज लिहिणाऱ्याने तो भाग वाचताना जरा अस्वस्थ व्हावे. दिवसा जे गिळावे लागले ते रात्री वहीत उतरवले की हलके वाटते, हा अनुभव कोणालाही येईल. हलके झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा गिळायला तयार होतो. वही जर नसती, तर तो कदाचित एखाद्या दिवशी उठून बोलला असता, भांडला असता, निघून गेला असता. वही आपल्याला धीर देते असे आपण म्हणतो. कधीकधी ती आपल्याला फक्त टिकवते, आणि कशात टिकवते हे पाहायला हवे. याच्या विरुद्ध बाजूने एवढे म्हणता येईल की पिळ्ळैंनी लिहिले नसते तर देवळाविषयी एका प्रत्यक्षदर्शी काळाचा शब्द आपल्यापर्यंत आला नसता. हे खरेच आहे. पण तो लाभ आपल्या खाती जमा आहे, त्यांच्या नाही.

लिखाण आणि धंदा एकत्र नांदवण्याची तिसरी तऱ्हा म्हणजे लिखाण धंद्याच्याच कामाला लावणे. हल्ली हेच फार दिसते. मालक आपल्या प्रवासाविषयी, वाचनाविषयी, पहाटेच्या पळण्याविषयी लिहितो आणि शेवटच्या ओळीत माल येतो. याचा मला कंटाळा आहे, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. तरीही सरसकट नाक मुरडणे बरोबर नाही, कारण मराठीत याचे एक फार चांगले उदाहरण आहे. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. नांगराचा खप वाढावा हा हेतू त्यात होता आणि तो कोणी लपवला नव्हता. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघाले, 1934 मध्ये ‘मनोहर’. शंकरराव चित्रकार होते, व्यंगचित्रे काढत, कारखान्याच्या विक्रीत होते, संपादक होते. एका खात्यावर खतवता येणार नाही असाच माणूस. पण इथे जाहिरात हळूहळू वाचकाच्या कामाची झाली. नांगर मागे राहिला आणि विधवाविवाह, शिक्षण, आरोग्य हे विषय पुढे आले. आजच्या लिखाणात मला उलटा प्रवास दिसतो, गच्चीवरच्या कढीलिंबापासून निघून मालापर्यंत. कोणत्या दिशेने चाललो आहोत हे लिहिणाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत कळते.

राहता राहिले ते, ज्याचा कोणालाच उपयोग नाही असे लिखाण. माल विकत नाही, गिळलेले ओकत नाही, कोणाचे तारण वापरत नाही, आणि कोणाला ओट्यावर उभे करत नाही. एवढ्या चाळण्यांतून उरते तरी काय?

बनारसीदासाच्या पुस्तकाच्या शेवटी त्याने काय उरते ते मांडले आहे. तोवर तीन लग्ने झाली होती, सात मुलगे आणि दोन मुली होऊन नऊही गेली होती, नवराबायको दोघेच मागे राहिली होती. अशा वेळी तो स्वतःचे गुण सांगतो, आणि मग, जमेनंतर नावे लिहावे तसे, दोष सांगतो. पैशाचा लोभ सुटत नाही. थट्टामस्करी आवडते. खोटे रचून सांगायला लाज वाटत नाही. कारण नसताना एकाएकी भीती वाटते. आणि एकांत मिळाला, कोणी बघत नसले, की हा पंचावन्न वर्षांचा जवाहिऱ्या, समयसाराचा भाष्यकार, उठून नाचू लागतो.